हॅश टेबल अजून संपलेलं नाही: संगणक अभ्यासमंडळांना खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सदस्य,
संगणक अभियांत्रिकी अभ्यासमंडळ यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एखाद्या ठरावीक विद्यापीठाच्या मंडळाला उद्देशून नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात सगळीकडेच अभ्यासक्रम नव्याने लिहिले जात आहेत, म्हणून ज्यांच्या ज्यांच्या टेबलावर सध्या मसुदा पडलेला असेल त्या सगळ्यांना.

गेल्या मे महिन्यात एका महाविद्यालयात बीईच्या (शेवटच्या वर्षाच्या) प्रोजेक्टची एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरची परीक्षक, म्हणून गेले होते. चोवीस गट होते. पहिल्या गटाने पिकांच्या पानांवरचे रोग ओळखणारं मॉडेल दाखवलं. दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने चेहरा बघून हजेरी लावणारं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पानं पाच वेळा येऊन गेली, चेहरे चार वेळा आणि खोट्या बातम्या तीन वेळा. संध्याकाळी मार्कांच्या यादीवर नजर टाकली तर चोवीसपैकी बावीस शीर्षकांत ‘युजिंग मशीन लर्निंग’ नाहीतर ‘युजिंग डीप लर्निंग’. उरलेल्या दोन गटांपैकी एकाने कॉलेजच्या कँटीनसाठी ऑर्डर घेणारं ॲप केलं होतं. ती मुलं आत आली तीच ओशाळून, जणू आपण कमी पडलो हे त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

मी त्यांना विचारलं, दोघांनी एकाच क्षणी शेवटचा वडापाव मागवला तर काय होतं? थोडा वेळ कुणी बोलेना. मग मागे उभी असलेली एक मुलगी म्हणाली, “मॅम, झालं होतं तसं. तीन वडापाव होते आणि पाच ऑर्डरी घेतल्या गेल्या. मग आम्ही लॉक टाकलं, तर सगळंच अडकून बसलं.”

त्या दिवशी संगणकशास्त्राचा अस्सल म्हणावा असा प्रश्न माझ्यापुढे आला तो हाच. रिपोर्टमध्ये त्याचा मागमूस नव्हता. का, तर गाईडनी सांगितलं होतं की अडचणी लिहू नका, शेवटी काहीतरी एआय जोडा, नाहीतर मार्क पडायचे नाहीत. म्हणून शेवटच्या प्रकरणात ‘ग्राहकाला उद्या काय खावंसं वाटेल’ याचा अंदाज बांधणारा एक आलेख चिकटवला होता.

मी एकोणीस वर्षं शिकवते आहे. एआयवर माझा राग नाही. त्याबद्दल पुढे लिहिते आहेच. माझी तक्रार वेगळी आहे. ‘संशोधन’ म्हटलं की आपल्या मुलांच्या आणि बऱ्याचशा शिक्षकांच्याही डोळ्यांपुढे एवढी एकच वस्तू येते, आणि बाकीचे विषय म्हणजे परीक्षेपुरते पाठ करायचे जुने अध्याय वाटतात. डेटा स्ट्रक्चर्स, टीओसी (गणनेचा सिद्धांत), ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डीबीएमएस (डेटाबेस) म्हणजे कुणीतरी कधीच सोडवून ठेवलेली कोडी. जगात नेमकं उलटं चाललं आहे. आपण एसई-टीईला (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला) जे फळ्यावर लिहितो, त्याच पानांवर या दोन-तीन वर्षांत खाडाखोड झाली आहे.

शोधनिबंध छापून येण्याआधीच सगळ्यांना वाचायला खुले ठेवणारं आर्काइव्ह नावाचं संकेतस्थळ आपल्याला ठाऊक असेलच. त्यात संगणकशास्त्राचे ४० पोटविभाग आहेत. भूमिती, तर्कशास्त्र, कूटलेखन, ध्वनी, खेळांचा सिद्धांत, प्रोग्रामिंगच्या भाषा, डेटाबेस, यंत्रमानव, माणूस आणि यंत्र यांच्यातला व्यवहार, आणि गणिती सॉफ्टवेअर असा एक स्वतंत्र कप्पाही. ढोबळमानाने ज्याला आज एआय म्हणतात ते त्यातल्या पाच-सहा कप्प्यांत मावतं. आता निबंधांची संख्या बघितली तर या पाच-सहा कप्प्यांकडेच लोंढा आहे हेही खरं. न्यूरिप्स या एआयवरच्या एकाच परिषदेकडे २०२५ साली २१ हजारांहून जास्त निबंध आले. पण गर्दी आहे म्हणून बाकीचा गाव ओस पडलेला नाही.

हॅश टेबलपासून, म्हणजे माहिती झटकन ठेवता-शोधता यावी म्हणून केलेल्या खणांच्या तक्त्यापासून, सुरुवात करते, कारण तो एसईच्या प्रत्येक मुलाच्या जर्नलमध्ये असतो.

देवळाबाहेरचं चप्पल स्टँड डोळ्यांपुढे आणा. शंभर खण, त्यातले नव्याण्णव भरलेले. तुम्ही डोळे मिटून कुठल्याही खणात हात घालत रिकामा खण शोधायला लागलात, तर सरासरी शंभरएक खेपा पडतील. अट अशी की आधी ठेवलेली कुणाची चप्पल हलवायची नाही. अँड्र्यू याओ यांनी १९८५ साली असं मांडलं की एका विशिष्ट, सरळमार्गी प्रकारच्या टेबलांमध्ये यापेक्षा चांगलं काही करताच येणार नाही. याओ म्हणजे पुढे ट्युरिंग पुरस्कार, संगणकशास्त्रातला सर्वोच्च मान, मिळालेले गृहस्थ. चाळीस वर्षं ते गृहीत धरलं गेलं. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात पदवीच्या वर्गात शिकणाऱ्या अँड्र्यू क्रापिविन या मुलाने भलत्याच विषयावरचा एक निबंध वाचला, त्यातली कल्पना घेऊन खेळत बसला आणि त्यातून नव्या तऱ्हेचं हॅश टेबल तयार झालं. आपण याओंचं अनुमान मोडतो आहोत याची त्याला कल्पना नव्हती, कारण असं काही अनुमान आहे हेच त्याला माहीत नव्हतं. त्याचे प्राध्यापक मार्टिन फराक-कोल्टन यांचा आधी विश्वास बसेना. त्यांनी विल्यम कुझमॉल यांना तपासायला सांगितलं, आणि तिघांचा मिळून निबंध जानेवारी २०२५ मध्ये आला.

फरक किती? स्टँड इतकं भरलेलं आहे असं समजा की दहा लाख खणांत एकच रिकामा. जुन्या समजुतीप्रमाणे वाईट वेळी दहा लाखांच्या घरात खेपा. नव्या पद्धतीत ती वाढ लॉगच्या (दहा लाख किती वेळा अर्धे केले की एक उरतो, साधारण वीस) वर्गाइतकी, म्हणजे वीसचा वर्ग, चारशेच्या पटीत. मागचे स्थिरांक धरले तरी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक राहतो. मी हे वर्गात सांगितलं त्या दिवशी मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मॅम, मग पुस्तकातलं चूक आहे का?” पुस्तकातलं चूक नाही, पुस्तकात ‘याहून बरं होत नाही’ असं कुणी म्हटलं असेल तर तेवढं वाक्य चूक आहे. हा फरक समजावून सांगण्यात माझा सगळा तास गेला आणि अभ्यासक्रम एका तासाने मागे पडला. तो तास मला एकोणीस वर्षांतल्या चांगल्या तासांत मोजावासा वाटतो.

डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची गोष्ट आणखी मजेदार आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९५६ साली होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर ते एका कॅफेबाहेर कॉफी घेत बसले आणि कागद-पेन्सिलीशिवाय वीसेक मिनिटांत सर्वांत जवळच्या रस्त्याची रीत मनात जुळवली. १९५९ मध्ये ती छापली. आपण ती पाच गावांचा नकाशा काढून शिकवतो, मुलं सहा मार्कांसाठी तक्ता भरतात, संपलं. आता बघा. २०२४ साली रॉबर्ट टार्जन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की योग्य तऱ्हेचा हीप (सगळ्यांत लहान आकडा चटकन काढून देणारी रचना) वापरला तर डाइक्स्ट्राची रीत कोणत्याही आकाराच्या नकाशावर, त्या त्या नकाशापुरतीही, सर्वोत्तमच असते. आणि पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, चीनमधल्या चिंगहुआ विद्यापीठातल्या डुआन रान यांच्या गटाने डाइक्स्ट्रापेक्षा वेगवान रीत दाखवली. दोन्ही निबंधांना ज्या त्या परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान मिळाला. दोन्ही बरोबर आहेत!

कसं काय? पहिल्या निबंधात गावांची यादी अंतराच्या चढत्या क्रमाने लावूनच हवी आहे. दुसऱ्यात फक्त अंतरं हवी आहेत, क्रम नको. क्रम लावायचा म्हटला की सॉर्टिंगचा खर्च आलाच. तो टाळायची युक्ती सापडली की कुंपण ओलांडता येतं. या एका विसंगतीवर टीईच्या मुलांचा आठवडा सहज निघेल. आपल्या प्रश्नपत्रिकेत मात्र अजून ‘डाइक्स्ट्रा अल्गोरिदम उदाहरणासह स्पष्ट करा’.

(नवी रीत उद्या तुमच्या फोनच्या नकाशात येईल असं समजू नका. सध्या तिचं मोल कागदावरच आहे. मुलांना हेही सांगावं लागतं, नाहीतर ती लगेच ‘स्टार्टअप’ म्हणायला लागतात.)

काही गोष्टी नुसत्या उल्लेखाने पुढे नेते, नाहीतर हे पत्र संपायचं नाही. एमआयटीचे रायन विल्यम्स यांनी २०२५ साली दाखवलं की जे काम करायला ठरावीक वेळ लागतो, ते त्या वेळेच्या साधारण वर्गमुळाइतक्याच जागेत करता येतं. या प्रश्नावर १९७५ नंतर कुणाला पुढे सरकता आलं नव्हतं. पूर्णांकांचा गुणाकार, हो, चौथीतला गुणाकार, किती वेगाने करता येतो याचं अपेक्षित उत्तर हार्वे आणि व्हॅन डर हूवेन यांनी २०१९ मध्ये मिळवलं. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या संशोधकांनी २००९ साली सेल-फोर नावाच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या सुमारे ८,७०० ओळी सी प्रोग्रामची गणिती सिद्धता पूर्ण केली: प्रोग्राम जे करायचं म्हणतो तेच करतो, याची. आपण ओएसच्या प्रॅक्टिकलला ‘आउटपुट आलं ना? मग सही’ म्हणतो, त्या पार्श्वभूमीवर हे वाचायला जरा लाज वाटते.

कूटलेखनावर थोडं थांबते. क्वांटम संगणक आले की आज बँका वापरतात ती कुलुपं उघडतील, म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१६ मध्ये जगभरातून नव्या कुलुपांचे आराखडे मागवले. वर्षानुवर्षं लोक एकमेकांची कुलुपं फोडत बसले. साइक नावाचा एक आराखडा २०२२ च्या चौथ्या फेरीपर्यंत टिकून होता. त्याच उन्हाळ्यात बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठाच्या वाउटर कास्ट्रिक आणि टोमास डेक्रू यांनी तो साध्या संगणकाच्या एका कोअरवर, तासाभरात फोडला. क्वांटम वगैरे काही नाही. हत्यार होतं कॅनडातल्या एर्न्स्ट कानी यांचं १९९७ मधलं एक शुद्ध बीजभूमितीचं प्रमेय, ज्याचा कुलुपांशी काही संबंध असेल असं कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवटी निस्टची पहिली तीन मानकं ऑगस्ट २०२४ मध्ये आली. आपल्या नव्या मसुद्यांत ‘क्वांटम’ शब्द बऱ्याच ठिकाणी पाहिला. मुलांनी स्वतः एखादं छोटं कुलूप फोडून बघावं अशी सोय मात्र कुठे दिसली नाही.

आता त्या वडापावाकडे परत येते.

अनेक यंत्रांनी मिळून एकाच गोष्टीवर एकमत कसं करायचं, हा वितरित प्रणालींमधला मूळ प्रश्न. लेस्ली लॅम्पोर्ट यांची पॅक्सॉस ही पद्धत बरोबर आहे, पण समजायला महाकठीण. शिकवणाऱ्यालाही घाम फुटतो, अनुभवाने सांगते. स्टॅनफर्डचे डिएगो ओंगारो आणि जॉन ऑस्टरहाउट यांनी २०१४ मध्ये राफ्ट नावाची दुसरी पद्धत मांडली आणि उद्दिष्टच असं लिहिलं की ही समजायला सोपी असली पाहिजे. मग ते सिद्ध करायला त्यांनी ४३ विद्यार्थ्यांना दोन्ही पद्धती शिकवून परीक्षा घेतली. ३३ जणांना राफ्टवरचे प्रश्न जास्त चांगले सोडवता आले. समजणं हाच निकष, आणि तो मोजून दाखवलेला. आणि या कामाला नामांकित परिषदेत सर्वोत्तम निबंधाचा मान. कँटीनच्या त्या मुलांनी तीन वडापाव आणि पाच ऑर्डरींची गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली असती, लॉक टाकल्यावर काय अडकलं ते मोजून दाखवलं असतं, तर तो प्रोजेक्ट या जातकुळीतला झाला असता. आपण त्यांना आलेख चिकटवायला लावला.

एआयबद्दल लिहिते म्हटलं होतं. तिथेही आपण दुसऱ्याच्या ताटातलं उष्टं उचलतो आहोत. बाहेरून तयार मॉडेल, बाहेरून तयार चित्रांचा संच, आपण फक्त रन म्हणतो आणि ‘ॲक्युरसी ९७ टक्के’ लिहितो. ज्या प्रश्नात आपल्याला घरचा फायदा आहे तो हाताशीच पडला आहे. ‘वडापाव’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये त्याचे सहा घटक, आणि नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट, एकूण अठरा. रोमन लिपीत हाच शब्द (vadapav) सात बाइटांत बसतो. भाषेची मॉडेलं मजकुराचे तुकडे पाडतात तेव्हा ही तफावत आणखी वाढू शकते: ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये दाखवलं की तोच मजकूर वेगवेगळ्या भाषांत लिहिला तर तुकड्यांच्या संख्येत काही वेळा पंधरापटीपर्यंत फरक पडतो. आणि तुकड्यांवरच पैसे लागतात. मराठीत किती पट? जोडाक्षरं कुठे तुटतात? ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ यासारख्या शब्दाचं काय होतं? हे मोजायला महागडा जीपीयू (एआयसाठी वापरतात ती चिप) लागत नाही, लॅबमधला संगणक आणि मराठी येणारी चार मुलं पुरतात. पुण्यातल्या एलथ्रीक्यूब या गटाने २०२१ मध्ये सुमारे सोळा हजार मराठी ट्विटांचा, भावना नोंदवलेला संच खुला केला, आणि पुढेही मराठीसाठी काम चालू ठेवलं. तो रस्ता दाखवायचं सोडून आपण टोमॅटोच्या पानांची तीच ती चित्रं सहाव्यांदा वर्गीकृत करतो आहोत.

माणसांकडे बघणारं संशोधनही आहे, ते तर आपल्याकडे कुणी संगणकशास्त्र मानतच नाही. माणूस आणि यंत्र यांच्यातल्या व्यवहारावरच्या ‘काय’ (CHI) या परिषदेत २०१९ साली एक निबंध आला. ग्रामीण भारतातल्या, संगणक फारसा न हाताळलेल्या लोकांना स्वस्तातल्या स्मार्टफोनवर हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द टंकायला दिले. दोन आठवड्यांत अचूकता निघाली ९६.७ टक्के, एका व्यावसायिक कंपनीच्या तोडीची. लोक इतके रमले की संशोधकांना कामावर मर्यादा घालायची शिफारस करावी लागली. तलाठ्याच्या जुन्या दप्तरांचे गठ्ठे ज्या तालुक्यांत पडून आहेत, तिथल्या कॉलेजात हा निबंध कुणी वाचलेला नसावा याची मला खंत वाटते.

आता एक कटू विषय. बीईच्या मुलांना प्रोजेक्टसोबत ‘पेपर पब्लिश’ करायची सक्ती ठिकठिकाणी आहे. मी जिथे शिकवलं तिथेही होती. मुलं वर्गणी काढतात, दीड-दोन हजार रुपये ऑनलाइन भरतात, आणि तीन दिवसांत ‘ॲक्सेप्टेड’ असा मेल आणि रंगीत प्रमाणपत्र येतं. परीक्षकांचा अभिप्राय म्हणून एकदा फक्त ‘गुड वर्क’ असे दोन शब्द आलेले मी पाहिले आहेत. एका गटाचा विषय टोमॅटो होता आणि छापून आलेल्या निष्कर्षात भात होतं. ते गाईडने वाचलं नाही, त्या ‘आंतरराष्ट्रीय’ जर्नलने वाचलं नाही, आणि तेव्हा माझ्याच सहीने तो अहवाल पुढे गेला. हो, गाईड मीच होते. दुसऱ्याकडे बोट दाखवायला हे पत्र लिहीत नाही.

गंमत अशी की खरं संशोधन फुकट वाचता येतं. आर्काइव्ह फुकट, कूटलेखनाचा ई-प्रिंट संग्रह फुकट, प्रणालींवरच्या यूझनिक्स परिषदांचे निबंध फुकट, जर्मनीत डागस्टूल या संशोधनकेंद्राहून निघणारी परिषदांची इतिवृत्तं फुकट. याच डागस्टूलला दर आठवड्याला वेगळ्या विषयाची माणसं जगभरातून येऊन राहतात, आणि जेवायला कोण कुणाशेजारी बसणार हे नशिबावर सोडलेलं असतं, म्हणजे ओळखीच्यांचे कंपू होत नाहीत. आपल्या कार्यशाळांमध्ये पहिली रांग सत्कारमूर्तींसाठी राखीव असते. असो.

‘हे सगळं आयआयटीच्या पोरांचं, आमच्या मुलांना झेपणार नाही,’ असं सहकारी म्हणतात. आयआयटीचंच उदाहरण देते. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि झटपट ओळखायची रीत २००२ साली कानपूरला सापडली. मणींद्र अग्रवाल यांच्यासोबतचे नीरज कयाल आणि नितीन सक्सेना नुकतेच बीटेक झालेले होते, आणि कामाची सुरुवात त्यांच्या बीटेकच्या प्रोजेक्टपासून झाली होती. ती मुलं असामान्य होती हे मान्य. पण त्यांना बीटेकच्या प्रोजेक्टला असा विषय घेऊ देणारं कुणीतरी होतं, हेही तितकंच खरं.

आणि आयआयटी नको असेल तर हे घ्या. टीओसीत आपण ट्युरिंग मशीन शिकवतो: पट्टीवरची चिन्हं वाचत-लिहीत, ठरलेल्या नियमांनी डावी-उजवीकडे सरकणारं काल्पनिक यंत्र. टिबॉर राडो यांनी १९६२ साली विचारलं की पाच अवस्थांचं, रिकाम्या पट्टीवर सुरू होणारं आणि शेवटी थांबणारं यंत्र जास्तीत जास्त किती पावलं चालू शकतं? अशी यंत्रं सुमारे १६ लाख ६८ हजार कोटी. मार्क्सेन आणि बुंट्रॉक यांना १९८९ साली ४,७१,७६,८७० पावलं चालणारं यंत्र सापडलं. याहून जास्त चालणारं कुठलंच नाही, हे सिद्ध व्हायला २०२४ चा जुलै उजाडला. ते सिद्ध केलं एका ऑनलाइन गटाने: जगभरातले हौशी, त्यातल्या कित्येकांचा विद्यापीठाशी संबंधही नाही, एक तर फक्त टोपणनावानेच ओळखला जातो, आणि संपूर्ण सिद्धता कॉक नावाच्या प्रणालीत संगणकाने तपासलेली. त्यांनी कुणाकडे प्रवेशपरीक्षेचे मार्क मागितले नव्हते.

टीईच्या एका मुलाला मी ते यंत्र लिहून बघायला सांगितलं. दहा नोंदींचा तक्ता, पायथनच्या वीसेक ओळी. पहिल्या खेपेला ते थांबेचना. तो म्हणाला, मॅम, हे अनंत चालणारं यंत्र आहे. मी म्हटलं, कशावरून? तो गप्प. हॉल्टिंग प्रॉब्लेम (कुठलंही यंत्र थांबेल की नाही हे सांगणारी एकच रीत असूच शकत नाही) त्याच्या पाठ होता, तोंडी परीक्षेत धडाधड म्हणून दाखवला असता. पण समोरचा कर्सर लुकलुकतो आहे आणि ते चुकलंय की चाललंय हे कळत नाही, हा अनुभव त्याला पहिल्यांदाच येत होता. अर्ध्या तासाने त्याला तक्त्यातली चूक सापडली: एका ठिकाणी उजवीकडेऐवजी डावीकडे. पुन्हा चालवलं. आमच्या लॅबचे संगणक जुने आहेत. साधारण मिनिटभर आम्ही दोघं पडद्याकडे बघत उभे होतो. ४,७१,७६,८७०. पट्टीवर एक हा आकडा ४,०९८ वेळा. त्याने ते पुन्हा दोनदा मोजलं. लॅब असिस्टंटने दार लावायला घेतलं तरी हलायला तयार नव्हता.

तेव्हा माझ्या मागण्या अशा. त्या फार खर्चाच्या नाहीत.

बीईच्या प्रोजेक्टसाठी एक वेगळा प्रकार मान्य करा: छापून आलेला एखादा निबंध वाचून त्यातला निकाल स्वतः पुन्हा काढून बघणे. जुळला नाही तर का जुळला नाही ते लिहिणे. त्याला बाकीच्यांइतकेच मार्क. ‘नवीनता’ हा दहा मार्कांचा रकाना या प्रकाराला लावू नका. तोच रकाना मुलांना खोटं बोलायला शिकवतो.

पेपर छापायची सक्ती काढून टाका. ठेवायचीच असेल तर ‘वाचलेल्या पाच निबंधांवर तोंडी परीक्षा’ अशी ठेवा. पैसे वाचतील आणि भात-टोमॅटोही.

प्रत्येक मूळ विषयाच्या अभ्यासक्रमाला शेवटी एक पान जोडा, दर जूनला बदलणारं, परीक्षेत नसलेलं: या विषयात गेल्या दोन वर्षांत काय घडलं आणि काय अजून कुणालाच येत नाही. परीक्षेत नसलेलं कोण वाचणार, असं आपण म्हणाल. सगळे नाही वाचणार. वर्गातले चार वाचतील, आणि आज त्या चारांनाही ते पान मिळत नाही.

आणि एआयच्या नव्या शाखांमधून ट्युरिंग मशीन किंवा कंपायलर ‘जड’ म्हणून कापण्याची सूचना मसुद्यात असेल, तर ती कापण्याआधी एकदा वर्गावर येऊन शिकवून बघा.

नोकरीचं काय, हा प्रश्न बैठकीत उठणारच. हॅश टेबलवरचा नवा निबंध वाचून कुणाला कॅम्पसमध्ये जास्त पॅकेज मिळेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्याकडे आलेल्या कंपन्यांनी मुलाखतीत पानांचे रोग कुणालाच विचारले नाहीत. हॅश टेबल सगळ्यांनी विचारलं.

डेटा स्ट्रक्चर्स, अल्गोरिदम, टीओसी, ओएस आणि नेटवर्क अशा पाच विषयांची एकेक पानं मी मराठीत तयार केली आहेत, ती सोबत जोडते. वापरा, कापा, बदला. माझं नाव घालायची गरज नाही. अल्गोरिदमच्या पानावर डुआन यांच्या रीतीत लॉगचा घात मी एकद्वितीयांश लिहिला होता, तो दोनतृतीयांश हवा. चूक टीईच्या एका मुलीने मूळ निबंध उघडून दाखवली. दुरुस्त प्रत जोडली आहे. आधीची कुणाकडे पोचली असल्यास फेकून द्यावी.

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातली संगणक विभागाची शिक्षिका